अभिषिक्त कोणाला म्हणायचं?

कापणीच्या सणाला उपासना संपली की आमच्याकडे लिलाव होतो. मिरज-सांगलीकडच्या कित्येक ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, ही रीत आहे. ज्याला जे जमेल ते त्याने वेदीपुढे आणून ठेवायचं: हळदीची पिशवी, तासगावचे बेदाणे, शाळूची कणसं, उसाची मोळी, कोणी घरच्या कोंबड्यांची जोडी पाय बांधून आणतं. मग खणखणीत आवाजाचा एक जण पुढे होतो आणि साधा नारळ बघता बघता हजारावर जातो. घेणारा तो परत देऊन टाकतो आणि तोच नारळ पुन्हा लिलावाला चढतो. लहान मुलांना या दिवशी नाताळाइतकीच मजा येते.

काही वर्षांपूर्वी अशा एका लिलावाच्या वेळी माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या. मंडळीचं नाव लिहीत नाही, मावशींचंही नाही. त्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला आया होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. शिक्षण चौथी. एकेक वस्तू सुटली की त्या गायनाच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर बोटभर पेन्सिलीने आकडा टिपत होत्या. मी विचारलं, "कशाला लिहिताय मावशी? खजिनदार लिहितायत की." त्या म्हणाल्या, "सवय हो सर. पोटात किती गॉज गेले, किती बाहेर आले, मोजल्याबिगर डॉक्टर टाके घालत नव्हते. एक जरी कमी आला तर सगळे खोळंबायचे."

पुढे वार्षिक सभा झाली. अहवालात कापणीच्या सणाचा जो आकडा वाचला गेला तो मावशींच्या बेरजेपेक्षा बराच कमी होता. त्या उठल्या, गायनाचं पुस्तक उघडलं आणि बाकीचे पैसे कुठं लिहिलेत एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. सभा चिडीचूप झाली. मग मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक जण उभे राहिले आणि हिशेबाबद्दल अवाक्षर न काढता म्हणाले, दावीद राजाही चुकला होता, तरी देवाने त्याला वापरलंच ना? देव कोणालाही वापरतो. आणि बायबलचं वचन काय सांगतं? माझ्या अभिषिक्तांना (म्हणजे देवाने आपल्या कामासाठी निवडलेल्यांना) हात लावू नका. "बसा मावशी."

मावशी बसल्या. मी तर उठलोच नव्हतो. ती पेन्सिल चालताना मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती, तरी उठलो नव्हतो. ते मला अजून खातं, आणि म्हणून हे लिहितो आहे.

देव नको त्या, नगण्य, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या माणसांना हाताशी धरतो, ही आमच्या श्रद्धेची वरवरची सजावट नाही, तो तिचा गाभा आहे. मोशे बोलताना अडखळायचा. गिदोन शत्रूच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. त्याच्याकडे ३२,००० माणसं जमली तर देवाने ती कमी करत करत ३०० वर आणली. मत्तयाने येशूची वंशावळ लिहिली तर तिच्यात यरीहोची वेश्या राहाब आहे आणि परक्या मवाब देशातली विधवा रूथही आहे. आमच्या कुठल्याही भावकीने ही नावं लिहू दिली नसती. येशू उठला ही बातमी पहिल्यांदा बायकांना मिळाली, आणि शिष्यांना ती वायफळ बडबड वाटली असं लूक स्पष्ट लिहून ठेवतो. हे सगळं मी मनापासून मानतो. माझी तक्रार अशी की आमच्यात ही शिकवण डोक्यावर उभी केली गेली आहे. खाली बसलेल्याला वर उठवण्यासाठी जी दिली गेली, तीच आता वर बसलेल्याला झाकण्यासाठी वापरली जाते.

ते अभिषिक्तांचं वचनच घ्या. ते १०५ व्या स्तोत्रात आहे, आणि आम्ही ते नेहमी मधूनच तोडून घेतो. त्याच्या आधीच्या ओळी वाचल्या तर दिसतं की हे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब आणि त्यांची पोरंबाळं. संख्येने थोडी, स्वतःची जमीन नसलेली, या राज्यातून त्या राज्यात भटकणारी माणसं. आणि "हात लावू नका" हे बजावलं आहे राजांना. म्हणजे खुर्चीवर बसलेल्यांना सांगितलं आहे की या बेघरांच्या वाटेला जाऊ नका. त्या सभेत जर कोणी अभिषिक्त असेल तर गायनाचं पुस्तक हातात घेऊन एकट्या उभ्या राहिलेल्या मावशी होत्या, आणि वचन उद्गारणारा राजांच्या बाजूला उभा होता.

कोणी म्हणेल, दावीदाने त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाला अभिषिक्त म्हणूनच सोडलं होतं. सोडलं, खरं आहे. गुहेत शौल एकटा सापडला तरी दावीदाने तलवार चालवली नाही. पण नंतर गुहेबाहेर येऊन सगळ्या सैन्याला ऐकू जाईल असं त्याने शौलाला विचारलं, माझा गुन्हा काय, तू माझ्या जिवावर का उठलास? हात लावायचा नाही म्हणजे रक्त सांडायचं नाही. प्रश्न विचारायचा नाही असा त्याचा अर्थ दावीदाने तरी घेतला नव्हता. आणि तोच दावीद पुढे राजा होऊन आपल्याच सैनिकाच्या, उरीयाच्या बायकोच्या बाबतीत चुकला, तेव्हा देवाने नाथान संदेष्ट्याला पाठवलं. गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगून नाथानाने त्याच्या तोंडावर सांगितलं, तो मनुष्य तूच आहेस. आमचे पंच दावीदाचं नाव घेतात आणि नाथानाला खाली बसवतात.

शिवाय, देवाने वापरलं म्हणजे देवाला पसंत पडलं, हे कुणी शिकवलं? येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत त्याच्याच बारा शिष्यांपैकी एक होता. पैशाची पिशवी त्याच्याच ताब्यात असायची आणि तिच्यातलं तो चोरायचा, हे योहान लिहितो. देवाची योजना त्याच्यामुळे थांबली नाही, उलट त्याच्या हातून पुढे गेली. तरी येशू म्हणाला, तो माणूस जन्मलाच नसता तर त्याच्यासाठी बरं झालं असतं. एवढं एक उदाहरण पुरेसं आहे. कोण वापरला गेला यावरून कोण निर्दोष आहे हे ठरत नाही.

मला या सगळ्या विषयात सर्वांत जवळची वाटते ती राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायातली मुलगी. तिला नाव नाही. अरामी टोळ्यांनी इस्राएलातून पळवून आणलेली, सेनापती नामानाच्या घरी त्याच्या बायकोच्या हाताखाली राबणारी. नामानाला कोड, म्हणजे कुष्ठरोग, झालं होतं. ती एक दिवस मालकिणीला म्हणते, आमच्या धन्याने शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे जायला हवं होतं, त्याने बरं केलं असतं. एवढं एकच वाक्य. त्या वाक्यावर सेनापती निघतो, पण मुलगी काय म्हणाली ते विसरून इस्राएलाच्या राजाकडे जातो. सोबत १० किक्कार चांदी, ६,००० शेकेल सोनं, १० पोशाख आणि आपल्या राजाचं पत्र. इस्राएलाचा राजा पत्र वाचून घाबरतो, कपडे फाडतो. त्याला वाटतं युद्धाचं निमित्त काढलंय. तो संदेष्टा अलीशा तर नामानाला भेटायला बाहेरसुद्धा येत नाही, निरोप पाठवतो की यार्देनेत सात वेळा बुडी मार. नामान संतापून परत फिरतो. तेव्हा त्याला पुन्हा वाटेवर कोण आणतं? त्याचे नोकर. ते म्हणतात, बाबा, संदेष्ट्याने काही अवघड करायला सांगितलं असतं तर केलं असतं ना? मग हे तर सोपं आहे.

सबंध अध्यायात राजे आणि सेनापती चुकीच्या दारात उभे आहेत, आणि बरोबर रस्ता माहीत आहे तो मोलकरणीला आणि नोकरांना. मिरजेत राहणाऱ्याला ही गोष्ट वाचताना डोळ्यापुढे चेहरे येतात. इथं रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय आहे. ज्या आजाराला घरच्यांनी उंबऱ्याबाहेर काढलं त्या आजाराची माणसं या गावाने पाहिली आहेत. पण त्या गोष्टीत मला एक गोष्ट टोचते आणि ती टोचलीच पाहिजे. नामान बरा होतो, सोनंनाणं घेऊन घरी जातो. त्या मुलीचं पुढे काय झालं, कुठेच लिहिलेलं नाही. तिला सोडलं असंही नाही. देवाने तिला वापरलं म्हणून तिची गुलामी बरोबर ठरत नाही. आम्ही मात्र आमच्या मंडळ्यांत असंच वागतो: मावशींची प्रार्थना किती ताकदीची, त्यांचा विश्वास किती मोठा, असं व्यासपीठावरून सांगतो, आणि पंच निवडायची वेळ आली की त्यांचं नाव कोणाच्या ओठावर येत नाही.

येशूने ही नामानाची आठवण एकदाच काढली, आणि ती कुठे काढली हे बघण्यासारखं आहे. नासरेथला, त्याच्या स्वतःच्या गावच्या सभास्थानात. इस्राएलात कोड असलेले पुष्कळ होते, पण शुद्ध झाला तो एक परका, असं तो म्हणाला. ते ऐकून सभेतले लोक उठले आणि त्याला गावाबाहेर कड्यावरून लोटायला घेऊन गेले. उपासनेला नियमाने येणारे लोक होते ते.

राजकारणाबद्दल फार लिहीत नाही, पण टाळताही येत नाही. निवडणुकीच्या वर्षी नाताळाच्या कार्यक्रमाला पुढाऱ्यांचे सत्कार होतात आणि कोणी विचारलंच तर कोरेशाचं उदाहरण येतं. पारसाचा, म्हणजे इराणचा, राजा कोरेश देवाला ओळखत नव्हता तरी यशया संदेष्ट्याने त्याला देवाचा अभिषिक्त म्हटलं. म्हटलं, खरंच म्हटलं. पण कोरेशाने काय केलं? इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेतल्यावर तिथल्या यहूदी बंदिवानांना घरी जाऊ दिलं. संदेष्ट्याने त्याच्या गळ्यात हार घातला नाही, त्याच्यासाठी मतं मागितली नाहीत, त्याला मंडळीच्या जागेच्या वादात मध्यस्थही केलं नाही. ज्याला कोरेश म्हणायचं त्याने कोणते बंदिवान सोडवले, एवढं विचारायला काय हरकत आहे?

आता आमच्या घरचा इतिहास. मिरजेच्या ख्रिस्ती माणसाला त्याची ओळख विचारा, तो वानलेस साहेबांपासून सुरुवात करील. विल्यम जेम्स वानलेस, कॅनडाचे डॉक्टर, १८८९ मध्ये आले, आधी सांगलीत काम केलं, १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला, १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली, १९२८ मध्ये सर झाले. वानलेसवाडी त्यांच्याच नावाने आहे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. माझा स्वतःचा जन्म मिशनच्या दवाखान्यातला. पण सरांच्या हातात चाकू होता तेव्हा दिवा कोणी धरला होता? पू भरलेल्या पट्ट्या कोणी उकळल्या? सोवळं पाळणाऱ्या घरातला रुग्ण आणि महारवाड्यातला रुग्ण एका छताखाली आले तेव्हा दोघांच्याही शिव्या कोणी ऐकून घेतल्या आणि दोघांनाही पाणी कोणी पाजलं? कंपाउंडर, आया, सफाईवाले, गावोगाव चालत जाणाऱ्या बायबलवाल्या बाया. त्यांच्या नावाची एकही वाडी नाही. आमच्या पणज्यांनी येशूचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते बहुतेक त्यांच्याच तोंडून.

साताऱ्याची गोष्ट याहून स्पष्ट आहे. नारायण वामन टिळक हे मोठे कवी, कोकणस्थ ब्राह्मण, विद्वान. त्यांना नवा करार कोणी दिला? १८९३ मध्ये आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने. तो कोण होता हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, म्हणजे देहूच्या वाण्यालाही देवाने हाताशी धरलंच. १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी साताऱ्यात देवाचा दरबार मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या बरोबरीने न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. त्या काळच्या मिशनला हे पचायला जड होतं. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले.

पण महाराष्ट्राने आज मनात कोणाला ठेवलं आहे? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना. ज्या कधी शाळेत गेल्या नाहीत, ज्यांना नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ज्या आकांत करून माहेरच्या माणसांत राहिल्या, सोवळं घट्ट धरून बसल्या, आणि मग स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला आल्या. येशूच्या जीवनावरचं टिळकांचं अपुरं काव्य, ख्रिस्तायन, त्यांनी पुढे नेलं. त्यांची स्मृतिचित्रे ख्रिस्ती नसलेल्या घरांतही प्रेमाने वाचली जातात. १८९५ साली मिशनच्या कोणा साहेबाला विचारलं असतं की या जोडप्यापैकी देवाचं काम कोणाच्या हातून जास्त दूर जाईल, तर त्याने त्या रडणाऱ्या, शिवाशिव पाळणाऱ्या बाईकडे बोट दाखवलं असतं का?

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. साधा माणूस, अडाणी माणूस म्हणजे आपोआप देवाचा माणूस असं धरलं तर घोटाळा होतो. प्रार्थना केली आहे, आता मधुमेहाच्या गोळ्या बंद कर, असं सांगणारे स्वयंघोषित सेवक आमच्या खेड्यापाड्यांत फिरतात, आणि तेही म्हणतात येशूचा शिष्य पेत्र कुठे शिकला होता? पेत्र तीन वर्षं येशूबरोबर चालला होता, ते ते सांगत नाहीत. प्रेषित पौल तर गमलिएल या शास्त्र्याच्या पायाशी शिकला होता. आणि मावशींचा प्रश्न टिकला तो त्या गरीब होत्या म्हणून नव्हे, त्यांनी प्रत्येक आकडा लिहिला होता म्हणून.

मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन बघा. तंबोऱ्याला लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, चोखोबांच्या मुलखातून. हे भोपळे कडू असतात, भाजीला घेऊन कोणी करणार नाही. पण त्या कडूपणामुळेच त्यांना कीड लागत नाही. ज्या गुणासाठी स्वयंपाकघर त्यांना टाकतं त्याच गुणासाठी कारागीर त्यांना उचलतो. दाराशी टांगलेल्या एका भोपळ्यावर मी बोटाने टिचकी मारली होती, तर आतून घुमला. कारागीर म्हणाले, हा चालेल, आणि शेजारचा दिसायला त्याहून देखणा उचलून बाजूला ठेवला. त्याला केसाएवढा तडा होता. कडू आहे म्हणून सगळेच भोपळे वाद्य होत नाहीत. वाळवायचा, कापायचा, आतून साफ करायचा, तपासायचा, तेव्हा कुठे तार चढते. आणि हे तपासणं देखण्या भोपळ्यालाही चुकत नाही. मंडळीतही ते कोणाला चुकू नये, मागच्या बाकावरच्यांना नाही आणि पुढच्या खुर्चीवरच्यांना तर मुळीच नाही.

मला म्हणायचं आहे ते करायला अवघड नाही. लिलावाचा प्रत्येक आकडा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जावा. पाळकाविरुद्ध किंवा पंचांविरुद्ध तक्रार आली तर ती त्यांच्या सोयऱ्यांनी ऐकू नये, बाहेरच्या माणसांनी ऐकावी. आणि तक्रार एखाद्या मुलीची असेल तर अभिषिक्त हा शब्द त्या खोलीत कोणी उच्चारूही नये. पंचांत बायका असाव्यात, आणि त्या पंचांच्याच बायका नसाव्यात. साक्ष द्यायला दर महिन्याला मागच्या बाकावरून कोणीतरी पुढे यावं आणि त्याला पाच मिनिटांत आटपा म्हणू नये, पुढाऱ्यांना कोणी म्हणत नाही. मिशनच्या जागांवर आज सगळ्यांचा डोळा आहे, सातारा काय, सांगली काय. त्या जागा ज्यांच्या घामावर उभ्या राहिल्या त्यांच्या नातवंडांना कागद बघायला मिळत नसतील, तर त्या जागेत कितीही मोठ्या आवाजात गायनं झाली तरी आमोस संदेष्ट्याने जे सांगितलं तेच खरं: तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा.

त्या वर्षीच्या पैशांचं उत्तर मावशींना मिळालं नाही. त्यांनी मंडळी सोडली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सोडून कुठं जाऊ? माझं लग्न हितंच झालं, हितंच मालकांना पुरलंय."

पुढच्या कापणीच्या सणाला मी घरून निघताना वही घेतली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. लिलाव चालू झाला. मधेच पुढे उभ्या असलेल्या पोराने आमच्याकडे बघितलं आणि तेव्हापासून तो प्रत्येक बोली सुटल्यावर आकडा दोनदा बोलायला लागला. शेवटी आम्ही दोघांनी बेरजा केल्या. त्यांच्यात आणि माझ्यात वीस रुपयांचा फरक आला. मी म्हटलं, मावशी, वीस रुपयेच आहेत. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि हळदीच्या पहिल्या पिशवीपासून परत मोजायला घेतलं.